कोरड्या धरणाची फेरी

यंदा पाऊस नाही म्हणून बागेला होजपाइपनं पाणी घालायला पुन्हा बंदी आली. शेजारची मार्गरेट कुंपणावरून मान काढून सांगायला आली, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. "माय पुअर हायड्रेंजियाज," म्हणाली, म्हणजे तिची फुलझाडं. मी म्हटलं, भांडी धुतलेलं पाणी घाल. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी कसली गंमत करते! मी माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. एक हंडा पाणी आमच्याकडे तीनदा वापरलं जायचं आणि चौथ्यांदा म्हैस प्यायची. आमच्या हाउन्सलोतली हिरवळ पिवळी पडली म्हणून टीव्हीवर माणसं हळहळायला लागली की मी आवाज बंद करते.

पण खिडकी उघडी असते. भाजलेल्या गवताचा वास आत येतो, आणि मला पंच्याण्णवचा उन्हाळा आठवतो. त्या वर्षीही असाच महिनोन्महिने पाऊस नव्हता. त्या वासात मला पेट्रोल लागतं, मेंढ्यांच्या लेंड्या लागतात, गॅसच्या छोट्या शेगडीवर करपलेलं पिठलं लागतं. फुलांचा वास आठवणारी माणसं वेगळी. मला हे आठवतं.

आमच्या ह्यांच्याकडे एक मोटरसायकल होती. ह्यांचं नाव दत्ताराम, लिहायला मला लाज नाही, पण जन्मभर 'हे' म्हटलं ते आता बदलत नाही. हे बस चालवायचे. आठवडाभर बस, आणि उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की मोटरसायकल टेरीच्या व्हॅनमध्ये घालून वेल्सला. टेरी म्हणजे डेपोतला मेकॅनिक, ह्यांचा जिवाभावाचा मित्र. गाडी सव्वाशे सीसीची, निळी, उंच, पुढचं मडगार्ड चाकापासून वर उचललेलं. ती डांबरासाठी नव्हतीच. डोंगरातल्या जुन्या दगडी वाटा, मेंढपाळांच्या, खाणवाल्यांच्या, त्यांवर ती चालवायची. तिकडे एक धरण आहे, त्याच्या काठाला तंबू ठोकायचा आणि चार दिवस धरणाभोवतीच्या वाटा धुंडायच्या. मी कधी गेले नव्हते. बायकांनी जायचं असतं असं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. परत आले की ह्यांचे बूट मी मागच्या अंगणात एकावर एक आपटून चिखल काढायची. लालसर, चिकट, पाटीच्या दगडाच्या कपच्या मिसळलेला. वेल्स मला त्या चिखलापुरतं माहीत होतं.

मग साखरेनं ह्यांचा उजवा डोळा गेला. डावाही अर्धाच उरला. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. डेपोनं काढून टाकलं नाही, काउंटरमागे बसवलं, दुसऱ्या ड्रायव्हरना बसच्या किल्ल्या द्यायला. जो माणूस वीस वर्षं किल्ली घेत होता त्यानं आता किल्ली द्यायची. हे घरी येऊन सोफ्यावर बसत, आणि टीव्ही लावला नाही तरी टीव्हीकडेच बघत. मी त्यांची समजूत काढली नाही. समजूत काढून डोळा येतो का?

एके दिवशी म्हणाले, "गाडी विकतोय. स्लाऊचा एक माणूस बघून गेला. पुढच्या आठवड्यात घेऊन जाईल."

मी कणीक मळत होते. "विकू नका," म्हटलं. "मी चालवते."

"काय चालवतेस?"

"गाडी."

"तुला सायकल येते का?"

"नाही."

"मग?"

"सायकलला पाय मारावे लागतात. हिला तेवढे तरी कष्ट नाहीत."

हे हसले नाहीत. पण टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी.

स्लाऊच्या माणसाला मी टेरीकरवी थोपवलं आणि शिकायला गेले. इथे शिकाऊ माणसाला आधी एका मैदानात दिवसभर प्लॅस्टिकच्या शंकूंभोवती फिरवतात, मग लाल एल अक्षर लावून रस्त्यावर सोडतात. माझ्याबरोबर सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. शिकवणारा मला 'स्वीटहार्ट' म्हणायचा आणि प्रत्येक वळणावर डोळे मिटायचा. पंचेचाळिशीची बाई, सलवार-कमीज, वर नवऱ्याचं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. पोरं हसली. हसू देत. दुपारपर्यंत त्यांतली दोन पडली आणि मी पडले नाही. माझं पडणं मी पुढे राखून ठेवलं होतं.

बातमी इथल्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त डॉक्टर आणि डॉक्टरांच्या बायका. मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या कामावर, त्यामुळे माझी खुर्ची नेहमी दाराजवळची. हळदीकुंकवाला एक डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो मालतीबाई, खरं का हे? ह्या वयात मोटरसायकल? पडलात, हाडबीड मोडलं म्हणजे?"

"तुमचे मिस्टर हाडांचेच डॉक्टर ना?" मी विचारलं.

"हो."

"मग झालं तर. येईन मी."

त्यांनी मला तिळगूळ दिला आणि पुढच्या बाईकडे वळल्या. तो जानेवारी होता. थंडीत मी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गियर बदलायला शिकत होते आणि हे जेलरसारखे बाजूला उभे राहून फक्त कान देत होते. नीट दिसत नव्हतं, पण कान फार तिखट. "क्लच सोडलास." "दुसरा पडला नाही, ऐक." "ही काय किंकाळी, गियर आहे का गळा?" शिकवायचं त्यांच्या मनात नव्हतं. चुकलेलं ऐकवत नव्हतं म्हणून बोलायचे.

उन्हाळा आला. ह्यांनी अट घातली. "धरणाला एक फेरी. पूर्ण, एकटीनं, कुणी मागून धरायचं नाही. गाडी तंबूपाशी परत आणलीस तर राहील. नाही आणलीस तर तो स्लाऊवाला घेऊन जाईल, मग रडायचं नाही."

"रडलेय कधी?" मी म्हटलं.

मला आजही पुष्कळ जणी विचारतात की तुला भीती वाटली नाही का. वाटली. भीती वाटते म्हणून काम सोडायचं तर मी माणमधून निघालेच नसते. मामेसासरे बोटीवर होते, त्यांच्या मागोमाग हे आले, ह्यांच्या मागोमाग मी. चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षर ओळखीचं नाही, नोव्हेंबरात सुती लुगड्यात उतरले. त्या दिवशी जी थंडी वाजली तिच्यापुढे मोटरसायकल काय.

टेरीची व्हॅन, मध्ये गाडी दोरांनी बांधलेली, पुढे टेरी आणि हे, मागे मी आणि आमची नीता. नीता एकोणीस वर्षांची, जन्म इथलाच. मराठी बोलते पण पुरुष-बाईचा मेळ नाही. सारखी म्हणायची, "आई, तू खरंच करणार? तू पडेल ना. मग मी काय करेल?"

"उचलशील."

"पण डॅडी म्हणला की कुणी उचलायचं नाय."

"मग बघत बस."

वेल्सचा तो भाग तिथले लोक वाळवंट म्हणून ओळखतात. टेरीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी बाहेर बघितलं तर डोंगरच्या डोंगर गवत, आणि त्यात मेंढ्या. वाळवंट म्हणे! माणसं राहत नाहीत म्हणून वाळवंट. आमच्याकडे माणसं राहतात आणि गवत नाही. मग मी ते टेरीला समजावून सांगण्याचा नाद सोडला, कारण समोर धरण आलं.

तेवढं मात्र खरं वाळवंट होतं. पाणी खाली, फार खाली, मधोमध जाऊन बसलेलं. चहूबाजूंनी फुटलेल्या पापडासारखी माती. आणि त्या मातीत भिंती. धरण बांधलं तेव्हा बुडालेलं एक शेत होतं तिथे, त्याचे दगडी बांध, एका घराचा पाया, चुलीची जागा. लोक मोटारी थांबवून फोटो काढत होते. एक बाई तर त्या चुलीपाशी बसून सँडविच खात होती. मला नाही आवडलं. कुणाच्या तरी आईनं तिथे राख काढली असेल. पाण्यानं झाकलेलं होतं ते उघडं पडलं म्हणून त्यात जाऊन बसायचं? मी नीताला तिकडे जाऊ दिलं नाही.

तंबू ठोकला. मी कुकर काढला. मी कुकर आणणार हे कुणाला पटलं नव्हतं, पण मी चार दिवस ब्रेड खाणारी बाई नव्हे. पहिली शिट्टी झाली तशी पलीकडच्या तंबूतला माणूस धावत बाहेर आला, हातात पोरगं उचललेलं. टेरी त्याला ओरडून म्हणाला, "इट्स ओन्ली डिनर, मेट!" मग त्यांच्याकडेही वरण-भात गेला. भांडं चाटूनपुसून परत आलं.

त्या चार दिवसांत झोपेपर्यंत ह्यांनी बूट पायांतून काढले नाहीत. गाडी चालवायची नव्हती तरी चालवायचे जाड बूट घालून आले होते, घोट्याच्या वर येणारे, पुढे लोखंडी टोक. तेच घालून काठाकाठानं फिरायचे. माझे बूट जुन्या बाजारातले, कुणा शाळकरी पोराचे.

आणि सगळे बूट आम्ही झोपताना तंबूच्या बाहेर ठेवत होतो. आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही, मग तंबूत कशी येईल? आत भाकरीचे डबे, आत अंथरुणं. तिघांची पादत्राणं दाराशी ओळीनं. टेरी आपले बूट उशाशी घेऊन झोपायचा. मला ते किळसवाणं वाटायचं.

फेरीच्या दिवशी सकाळी उठले तर माझा उजवा बूट होता, डावा नव्हता.

सगळीकडे शोधला. गवतात, व्हॅनखाली, शेजाऱ्याकडे. टेरी ब्रश तोंडात धरून आला, बघितलं आणि हसायलाच लागला. "फॉक्स, लव्ह. दे लाइक अ स्मेली बूट. हू लीव्ज बूट्स आउटसाइड?"

"हू टेक्स इनसाइड, व्हेअर यू ईट?" मी म्हटलं.

पण वाद जिंकून बूट परत येत नव्हता. डावा पाय म्हणजे गियरचा पाय. बिनबुटाचा पाय त्या दांड्याखाली घातला तर पहिल्या दगडावर सोलून निघेल. नीता म्हणाली, "आई, माझा शूज घे ना." तिचे कॅनव्हासचे, पाऊल मावेना. टेरीचा बूट म्हणजे होडी. गाव लांब, आणि संध्याकाळी टेरीला व्हॅन परत न्यायची होती. आज नाही तर नाहीच.

हे दगडावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "झालं. देवाच्याच मनात नाही."

त्यांचा आवाज मी ओळखते. सुटल्याचा आवाज होता तो. मला हरवायचं नव्हतं त्यांना. दुसऱ्या कुणी ती गाडी चालवलेली ऐकायची नव्हती, एवढंच. ते मला कळत होतं, आणि तरी मी माघार घेणार नव्हते. त्यांचं दुःख त्यांचं होतं, गाडी दोघांची होती.

"देवाला मध्ये आणू नका," मी म्हटलं. "कोल्ह्यानं नेलाय. तुमचा डावा बूट काढा."

"काय?"

"तुमचा बूट. तुम्हाला आज कुठे जायचंय?"

असं बोलायला नको होतं, असं नीताच्या तोंडावर उमटलं. ह्यांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवला, वाकले आणि चाचपत नाडी सोडायला लागले. गाठ त्यांना दिसत नव्हती. मी सोडवायला गेले नाही. बराच वेळ लागला. बूट निघाला तो त्यांनी माझ्याकडे फेकला नाही, हातात दिला. म्हणाले, "आत कापड कोंब. टाच हलली तर गियर अडकेल."

मी जुन्या साडीची फडकी आणली होती, भांडी धरायला. ती कोंबली. एक पाय शाळकरी पोराचा, एक पाय बस ड्रायव्हरचा. किक मारली आणि निघाले.

ती वाट मी अजून सांगू शकते. आधी काठाची कोरडी माती, चाकाखाली कुरकुर वाजणारी. मग चढ, पाटीच्या दगडांचा, प्रत्येक दगड तिरका. उभं राहून चालवायचं, गुडघे सैल, हे ह्यांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. बूट एवढा मोठा की गियरचा दांडा लागतो की दगड लागतो कळेना. पहिला ओढा आटलेला, त्यात मी पडले. गाडी माझ्यावर नाही, शेजारी. आजूबाजूला मेंढ्या. एकीनं चघळणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी तिला शिवी दिली, मराठीतून, मोठ्यानं. त्या अख्ख्या डोंगरात ऐकणारं कुणी नव्हतं. इतक्या मोठ्यानं मी ह्या देशात तोवर कधी बोलले नव्हते. भिंती पातळ असतात, शेजारी असतात, 'सॉरी' म्हणायचं असतं. मी आणखी दोन शिव्या दिल्या, मग गाडी उचलली.

खडी फोडलेले हात होते, उचलली. हल्ली मला एक पिशवी दारापासून ओट्यापर्यंत नेताना थांबावं लागतं. गुडघे गेले, हे जाऊनही बरीच वर्षं झाली. गाडी मागच्या शेडमध्ये आहे. नीता फोनवर म्हणते, "आई, काढून टाक ना, जागा अडवतो." मी म्हणते, मला उचलून न्याल तेव्हा तिलाही न्या. काठीला टेकून मी कधी कधी शेडचं दार उघडते. आत रबराचा वास असतो. पुसत नाही, पूजा करत नाही. बघते आणि दार लावते.

दुसऱ्यांदा पडले ते दलदलीत. सगळीकडे दुष्काळ, आणि एवढा एकच ओला तुकडा, तो नेमका माझ्या वाटेत. नाकातोंडात चिखल. तोच लालसर, जो मी वर्षानुवर्षं आपटून काढला होता. ह्यांना ह्यासाठी इथे यायचं असायचं का, असं मनात आलं. अंग दुखत होतं, कुणी काही मागत नव्हतं, आणि पुढचे दहा हात सोडून कशाचाही विचार करता येत नव्हता. मला राग आला ह्यांचा. इतकी वर्षं एकट्यानं घेतलं हे. मला कधी विचारलं नाही.

मग धरणाची भिंत आली. तिच्यावरून पलीकडे गेलं की शेवटची उतरण आणि तंबू. भिंतीच्या तोंडाशी पाटी आणि पाटीशेजारी हिरव्या जॅकेटातला राखणदार.

"यू कान्ट राइड अक्रॉस, मॅडम."

मी इंजिन बंद केलं आणि उतरले. "नॉट राइडिंग. वॉकिंग."

"विथ अ मोटरबाइक?"

"यू वॉक विथ डॉग. आय वॉक विथ धिस."

त्यानं माझ्याकडे खालपासून वर बघितलं, मग परत खाली. "युअर बूट्स डोन्ट मॅच."

"आय नो."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "गो ऑन देन. बिफोर माय बॉस कम्स." आणि भिंतीच्या टोकापर्यंत शेजारून चालत आला, का कोण जाणे. गाडीला हात लावला नाही. एका बाजूला ते खोल गेलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये मी ढकलतेय. पलीकडे पोचल्यावर त्यानं टोपीला बोट लावलं. मी किक मारली.

तंबूच्या वाटेवर फाटकापाशी हे उभे होते. एका पायात बूट, एका पायात मोजा, मोज्याला काटे चिकटलेले. तेवढे चालत आले होते. मी त्यांना दिसले नसणार, आवाजावर तोंड केलेलं. मी थांबले तशी म्हणाले, "तिसरा उशिरा टाकलास उतारावर."

"हो."

"पडलीस?"

"दोनदा."

"मध्ये बराच वेळ आवाज बंद होता. भिंतीवर?"

"ढकलत आणली. चालवू देत नाहीत."

"मग फेरी झाली नाही," हे म्हणाले. "चालवत आणायची होती."

नीता तंबूकडून धावत आली होती, ती रडकुंडीला आली. "डॅडी, दॅट्स नॉट फेअर!"

मी गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं. "तुम्ही म्हणालात, एकटीनं, धरणाला पूर्ण फेरी, गाडी तंबूपाशी परत. चालवत म्हणाला नव्हतात. तुम्ही पंधरा वर्षं येताय, तुम्हाला भिंतीवरची पाटी माहीत नव्हती? तुम्ही काय उडवत नेत होता?"

ह्यांचे ओठ एका बाजूला गेले. "आम्हीपण ढकलतच न्यायचो," म्हणाले.

टेरीला नीतानं भाषांतर करून सांगितलं, तो गवतावर लोळायचा बाकी राहिला. हे वाकले, गाडीवर हात फिरवत खाली आले, दांडा, साखळी, क्लचची वायर. चिखल बोटानं काढला, वास घेतला. "दलदलीत घातलीस," म्हणाले. "हिला आज तेल दिलं पाहिजे, नाहीतर हिवाळ्यात जाम होईल." मग टेरीकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाले की त्या स्लाऊवाल्याला कळव, विकायची नाही, पुढच्या उन्हाळ्यात गाडी लागणार आहे.

मंडळात नंतर ही गोष्ट फार गोड करून सांगितली गेली. बायकोनं आंधळ्या नवऱ्यासाठी केवढं केलं, असं. त्या डॉक्टरीणबाईंनी तर भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी उभी राहून म्हटलं की तसं काही नाही, मला गाडी हवी होती. टाळ्या पडल्या नाहीत. ह्यांच्यासाठी करायचं असतं तर मी सोफ्याशेजारी बसून चहा दिला असता, ते सोपं होतं आणि माझं नावही झालं असतं. मला तो डोंगर हवा होता, आणि मोठ्यानं शिवी द्यायची जागा.

त्या दिवशी तेल देऊन झाल्यावर हे हात पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी मला मागे बसव."

"पक्कं लायसन्स मिळालं तर. आणि मागे बसून गियर सांगायचे नाहीत."

लायसन्स मिळालं. हे मागे बसले. गियर सांगितलेच. दरवर्षी, प्रत्येक चढाला, शेवटच्या खेपेपर्यंत माझ्या कानाशी सांगत राहिले, आणि मी एकदाही ऐकलं नाही.